एक रविवार किनाऱ्याचा, एक सड्याचा

पत्र

नमस्कार. मी माहेरची आणि सासरचीही कराडकडची. मिस्टरांची बदली झाल्यामुळे आम्ही दीड वर्षापूर्वी रत्नागिरीला आलो. घरात सासू-सासरे, सहा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. गाडी छोटी आहे, पण पाच जण बसतो. "कोकणात राहता, मजा आहे तुमची," असं जो तो म्हणतो. प्रत्यक्षात दर रविवारी "कुठंतरी जाऊ या" म्हणता म्हणता निघायला अकरा वाजतात. मग गणपतीपुळं, रांग, ऊन. मुलीला वळणांवर उलटी होते, सासूबाईंचे गुडघे धरतात. सासरे माळकरी, त्यामुळे जेवायला कुठं बसायचं यावरून वाद होतात. परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. मिस्टरांचं म्हणणं, "एकदाच काय ते पुळं, जयगड, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर एका दिवसात करून टाकू." मलाही गाडी येते, पण वळणाचा रस्ता म्हणून माझ्या हातात देत नाहीत. त्यात मे महिन्यात नणंदा येणार. रोज संध्याकाळी घरी परत येता येईल अशा सोप्या सहली कशा आखायच्या?

— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी मिस्टरांच्या बेताचं बघू, म्हणजे तो विषय मिटेल. रत्नागिरी ते जयगड साधारण ४५ किलोमीटर. तिथून फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर होतात. कराड-पुणे रस्त्यावर हे अंतर काहीच नाही. इथे मात्र दर खाडीशी रस्ता खाली उतरतो, पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो, पुन्हा उतरतो. तासाला तीस किलोमीटर पडले तरी बरे पडले म्हणायचं. त्यात दोन्ही वेळा फेरीबोटीची वाट बघणं आलं. म्हणजे सहा-सात तास नुसते गाडीत. पाच ठिकाणी चपला काढायच्या, पाच ठिकाणी घालायच्या, आणि सासूबाईंना विचारलंत तर त्यांना पार्किंग तेवढं आठवेल. हा बेत मोडीत काढा. यातलं हेदवी ठेवू, त्याच्याकडे पुढे येते.

किती किलोमीटर आहे हे बघून सहल ठरवू नका, त्या दिवशी समुद्र किती वाजता कुठे असेल हे बघून ठरवा. घाटावरून आलेल्या माणसाला ही सवय नसते. तुम्ही चार वाजता हौसेने किनाऱ्यावर पोचता आणि वाळूच शिल्लक नसते, लाटा सुरूच्या बुंध्याशी आलेल्या असतात. मुलगी हिरमुसते. तोच किनारा पुढच्या रविवारी त्याच वेळी मैदानाएवढा असतो.

यासाठी ॲप असतात, पण भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसा जी वेळ तीच साधारण रात्री. त्यानंतर सहा तासांनी, थोडं वरच, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्याला होडी लोटायची नाही, मुलीला किल्ला करू द्यायचाय.

आता यातली गंमत बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत झाले जवळजवळ सहा तास. म्हणजे एका रविवारी संध्याकाळी पाचला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी पाचला भरती असणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा रविवार किनाऱ्याचा: अकराच्या सुमाराला भरती येऊन जाते, पाचच्या पुढे-मागे पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी हटतंही लांबवर. सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा रविवार संध्याकाळच्या किनाऱ्याला निकामी. तो सड्याचा, देवळाचा, नाहीतर घरी झोपायचा. झोपण्याचा रविवारही वेळापत्रकात लिहून ठेवा, म्हणजे "कुठंतरी जाऊ या" आपोआप थांबेल.

किनाऱ्याचा रविवार म्हटलं की सगळं शहर उत्तरेला, आरे-वारेच्या रस्त्याने पुळ्याकडे धावतं. तुम्ही दक्षिणेला वळा. भाट्याचा पूल ओलांडला की गोळपच्या सड्यावरून पावस साधारण वीस किलोमीटर. तिथे न थांबता पुढे पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडी, आणि मग कशेळी. आधी लांबचं गाठायचं आणि घराकडे येत येत बघायचं, हा माझा हट्ट आहे. सकाळी सगळे ताजे असतात, उन्हं कोवळी असतात. संध्याकाळी थकल्यावर घर जवळ आलेलं असलं म्हणजे कोणी कुरकुरत नाही.

साडेसातला निघालात तर नऊ-सव्वानऊला कशेळीच्या कनकादित्यापाशी असाल. कोकणात सूर्याची देवळं मोजकीच, त्यातलं हे एक. मूर्ती सौराष्ट्रातून गलबताने आली, गलबत इथल्या समुद्रात अडलं आणि मूर्ती किनाऱ्याच्या गुहेत ठेवली गेली, अशी कथा गावात सांगतात. सासऱ्यांना ती गुरवांच्या तोंडून ऐकू द्या, अर्धा तास मजेत जाईल. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो. तो बघायचा तर खास त्यासाठीच जा, एरवी त्या दिवशी टाळा. जवळच देवघळी आहे. काळ्या कड्याच्या पोटात समुद्र आत घुसलेला. तो वरून बघायचा. खाली उतरायचा मोह मिस्टरांना होईल, तेव्हा मुलीचा हात त्यांच्या हातात देऊन ठेवा.

दुपारचं जेवण कशेळी किंवा आडिवऱ्याकडे एखाद्या घरी सांगायचं, पण आदल्या संध्याकाळी फोन करून. हे विसरलात की दिवस बिघडलाच म्हणून समजा. आपल्याकडे गावातली घरगुती खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. तिथे तुमच्या नावाने तांदूळ धुतले जातात, नारळ खवला जातो. साडेबाराला जाऊन "काय आहे?" विचारलंत तर "काय नाय" हेच उत्तर मिळणार, आणि ते रागाने दिलेलं नसेल. फोनवर माणसं किती, त्यात शाकाहारी किती, तिखट कसं आणि किती वाजता, एवढं स्पष्ट सांगा. माळकरी माणूस आहे, कांदा-लसूण चालतो की नाही, हेही आधीच. डाळीची आमटी, एखादी उसळ, ताज्या खोबऱ्यातली भाजी, भात, सोलकढी यावर सासरे तृप्त होतील. तुम्ही मासे खात असाल तर वेगळं शिजवणारं घर निवडा. नाहीतर त्या दिवशी सगळ्यांनीच शाकाहारी व्हा, वाद तरी टळेल. जेवल्यावर लगेच उठू नका. "जरा ओटीवर टेकू का?" असं विचारलं तर नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही.

साडेतीनला तिथून निघून गावखडी. रस्त्यालगत सुरूचं बन आणि पलीकडे लांबलचक वाळू. सासू-सासऱ्यांसाठी घडीच्या दोन खुर्च्या गाडीत टाका. तुमच्या सहलीत यापेक्षा मोठी सुधारणा मला सुचत नाही. गुडघेदुखीच्या माणसाला वाळूत बसता येतं, उठता येत नाही. खुर्ची सावलीत मांडली की दोन तास निघतात. पाणी हटलेलं असेल. ओल्या घट्ट वाळूवर मुलीला वाळूच्या गोळ्या करणारे बारीक खेकडे दाखवा. बिळाभोवती नक्षी काढल्यासारख्या गोळ्या पसरलेल्या असतात आणि पाऊल वाजलं की सगळे एकदम गडप. थंडीत इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुठे जाळीचं कुंपण दिसलं तर त्याच्या आसपास मुलीला खणू देऊ नका. आणि पाण्यात घोट्याच्या वर कोणी जायचं नाही. ही गोष्ट मी जावयांनाही सांगते, जावई असले तरी. आपले किनारे उतरते आहेत, लाट परतताना ओढते, आणि आरे-वारे, पुळ्याला बुडणारी बहुतेक माणसं बाहेरगावची, पोहता येतं म्हणणारी. गाडी वाळूत घालायची नाही, हे वेगळं सांगायला नको. साडेपाचला वाळू झाडून गाडीत, सातच्या आत घरी.

हीच वाट अर्ध्या दिवसाची हवी तर फक्त पावस आणि गणेशगुळे. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर आहे. स्वामी १९०३ साली तिथेच जन्मले आणि १९७४ साली तिथेच समाधिस्थ झाले. जागा स्वच्छ, शांत, आणि दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. म्हणजे जेवणाचा प्रश्न देवानेच सोडवला. सासऱ्यांना वाटलं तर त्यांना ध्यानमंदिरात बसू द्या, घाई करू नका. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" असं आमच्याकडे म्हणतात. तो गेला त्याबरोबर गर्दीही गेली, आणि गुळ्याचा किनारा मोकळा राहिला. पूर्णगड सासूबाईंना नको, चढ थोडकाच पण पायऱ्यांचा आहे. तुम्ही तिघं पटकन जाऊन या. किल्ला छोटा आहे, समुद्राकडच्या दरवाजात उभं राहिलं की मुचकुंदी समुद्राला मिळते ती जागा समोर दिसते.

पुळ्याला जाऊच नका असं नाही. रविवार, संकष्टी, अंगारकी, नाताळाची सुट्टी आणि मे महिना सोडून जा. मिस्टरांची एखादी आडवारी रजा त्यासाठी खर्च करा. सकाळी सातला दर्शन होतं, नऊला मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक बघून होतं, अकराला घरी. तुमच्या मुलीच्या वयाला कवीचं घर कंटाळवाणं वाटेल, सासऱ्यांना वाटणार नाही.

आता हेदवी. हा दिवसभराचा एकच बेत, त्यात दुसरं काही घालायचं नाही. तो पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या रविवारी करा, कारण बामणघळ. खडकाला चिंचोळी लांब भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि टोकाशी कोंडून कारंज्यासारखं वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते आणि मिस्टर म्हणतील, "एवढ्यासाठी आलो?" पाऊणपटीने वेळ काढा आणि अकराच्या आधी तिथे पोचा. त्यासाठी सातच्या आत घर सोडावं लागेल. घळीच्या काठापासून लांब उभं राहायचं, खडक शेवाळी असतो. मग दशभुजा गणपती, जेवण, परत. जयगडला बोटीत चढताना तिकीट देणाऱ्याला परतीची शेवटची फेरी किती वाजता ते विचारून घ्या. ती चुकली तर राई-भातगाव पुलावरून वळसा घालून यावं लागतं, आणि तो रस्ता अंधारात नको. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरी बंदही राहते. मुलीला या सगळ्यात फेरीबोटच जास्त आवडेल. तासभर तिच्याच गप्पा मारेल.

सड्याच्या रविवारी कातळशिल्पं बघा. उक्षीला जांभ्या कातळावर कोरलेला मोठा हत्ती आहे, बघायला नीट सोय केलेली आहे. जांभरुण आणि कशेळीची शिल्पंही, उक्षीसह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ साली गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे या आपल्या रत्नागिरीकरांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून ही शोधली, हे मुलीला जरूर सांगा. मात्र सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. तिरपं ऊन पडलं की रेषा उठून दिसतात. दुपारी बाराला तिथे ना रेषा दिसते ना सावली मिळते, नुसता तवा असतो. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फासू नका, चपला घालून वर चढू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच सडा रानफुलांनी भरतो, तेव्हा एक खेप जरूर.

संगमेश्वरजवळचं कसबा गुडघ्यांना सोसणारं आहे. कर्णेश्वराचं दगडी देऊळ अगदी सावकाश, खांब-खांब बघण्यासारखं. १६८९ साली संभाजी महाराज कसब्यातच पकडले गेले, त्यामुळे कराडकडच्या माणसांचे पाय तिथे आपोआप जड होतात. पुढे राजवाडीला गरम पाण्याचं कुंड आहे, सासूबाईंना थंडीतल्या सकाळी पाय बुडवून बसायला. मार्लेश्वराला मात्र शेकड्याने पायऱ्या आहेत. तो त्यांना घरी ठेवून, त्यांच्या परवानगीने.

पावसाळ्यात किनारा बंद असं समजा. जून ते ऑगस्ट लांबचे बेत करूच नका. निवळीचा धबधबा महामार्गावरून दिसतो, तो बघायचा, कुठेतरी गरम भजी खायची आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. ओल्या दिवसांत गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर पावसात दिव्याच्या उजेडातही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

उलटीचं म्हणाल तर उपाशीपोटी नेऊ नका आणि दूध पाजून तर मुळीच नको. घरून कोरडे पोहे किंवा इडली खाऊन निघा. मुलीला मागे मधे बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल. मोबाइल हातात नको, काच थोडी खाली. आलेपाकाची वडी जवळ ठेवा. आणि गाडी हळू चालवा. मुलांच्या निम्म्या उलट्या चालवणाऱ्याच्या घाईमुळे असतात. म्हणून म्हणते, जाताना मिस्टर आणि येताना तुम्ही. त्यांना सांगा, मी सुचवलंय. पावसचा रस्ता शिकायला चांगला आहे, एक-दोन रविवारी हात बसेल.

बाकी किरकोळ. पेट्रोल शहरातच भरा. सुटे पैसे ठेवा, खाडीच्या उतारावर नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. स्वच्छतागृहाची सोय पावसला, पुळ्याला आणि पंपांवर असते, मधल्या सड्यावर काही नाही, तेव्हा निघण्याआधी ज्येष्ठांना आठवण करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिमग्यात आडवाटेला पालखी समोर आली तर हॉर्न वाजवू नका. गाडी बाजूला घ्या, उतरून नमस्कार करा, पाच-दहा मिनिटांत वाट मोकळी होते आणि नारळाचा तुकडाही मिळतो.

राहिल्या नणंदा. पहिला दिवस शहरातच घालवा. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, देवमाशाचा सांगाडा असलेलं मत्स्यालय, आणि ऊन उतरलं की रत्नदुर्ग. ब्रह्मदेशचा राजा थिबा इथे नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली इथेच वारला, एवढं सांगितलं की भाचरं प्रश्न विचारत बसतात. त्यांना मे महिन्यात पुळ्याला जायचंच असेल, आणि असणारच, तर त्यांची गाडी आहे. पहाटे सहाला डबा हातात द्या आणि आरे-वारेच्या रस्त्याला लावून द्या. मिस्टरांना वाटाड्या म्हणून सोबत पाठवा. तुम्ही घरी थांबा, आंब्याची पेटी उतरवून घ्यायला कोणीतरी हवंच.